ट्यूबवर नाव लिहिलंय म्हणून आत तेच आहे असं नाही

अरे, तुझा मेल वाचला. लांबलचक आहे पण खरे प्रश्न तीनच, बाकी सगळी काळजी. पीएचडीला कुठलं प्रोटीन घ्यावं, नुसत्या क्लोनिंगवर, म्हणजे जीन वेगळा काढून त्याच्या प्रती बनवण्यावर, आता करिअर होतं का, आणि कॉम्प्युटरच जर प्रोटीनचा आकार सांगायला लागलाय तर आपण कोल्ड रूममध्ये कुडकुडत प्रोटीन शुद्ध करायचे कॉलम कशाला चालवायचे. मधल्या प्रश्नापासून सुरू करते कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नाही होत.

आधी व्हायचं. माणसाचा एक जीन क्लोन केला की नाव व्हायचं, त्यावर कंपन्या उभ्या राहायच्या. १९७८ मध्ये जेनेन्टेकवाल्यांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्या ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये वेगवेगळ्या बनवून मग एकत्र जोडल्या आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूरही झालं, ही गोष्ट तुला पाठच असेल. मला त्याहून एरिथ्रोपोएटिनची, लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या हार्मोनची, गोष्ट जास्त आवडते, कारण त्यात कष्ट दिसतात. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते तो आजार) पेशंट्सची सुमारे २,५०० लिटर लघवी गोळा केली गेली आणि त्यातून १९७७ मध्ये मियाके, गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मिलिग्रॅम, हो मिलिग्रॅमच, शुद्ध प्रोटीन काढलं. पुढे अ‍ॅमजेनमध्ये फू-कुएन लिन यांनी असल्या शुद्ध प्रोटीनच्या तुकड्यांचा अमिनो आम्लांचा क्रम वाचून त्यावरून उलटं डीएनएचे प्रोब, म्हणजे जुळणारा जीन शोधणारे छोटे तुकडे, बनवले, आणि एकेक अमिनो आम्ल बहुधा कितीतरी कोडॉननी (डीएनएच्या तीन अक्षरी शब्दांनी) लिहिता येत असल्यामुळे एक प्रोब पुरत नाही, शक्य तेवढ्या सगळ्या प्रोबचं मिश्रण बनवावं लागतं, ते घेऊन त्यांनी माणसाच्या जीनोमची अख्खी लायब्ररी, म्हणजे त्याच्या तुकड्यांचा साठा, चाळली आणि जीन सापडला. पेपर आला १९८५ मध्ये. आज तू काय करणार, डेटाबेसमधून सिक्वेन्स कॉपी करणार, कोडॉन बदलून घेणार, ऑर्डर टाकणार आणि व्हेक्टरमध्ये (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएमध्ये) बसवलेला जीन आयता हातात येणार. मग "मी क्लोन केला" याला रिझल्ट कोण म्हणणार?

पण म्हणून काम संपलं असं नाही, ते पुढे सरकलंय. त्या ट्यूबमध्ये जे आहे ते खरंच ते प्रोटीन आहे, त्याची घडी नीट बसलीय, ते काम करतंय, आणि ते काम तेच करतंय, सोबत चुकून आलेलं दुसरं कोणी करत नाहीये, एवढं सिद्ध करायला तेव्हाही वेळ लागायचा आणि आजही तेवढाच लागतो. दारावर नावाची पाटी लावली म्हणून घरात तोच माणूस राहतो असं थोडंच असतं, ट्यूबवरच्या मार्करच्या अक्षरांचंही तसंच. माझं सगळं करिअर या एकाच शंकेवर चाललंय असं म्हटलं तरी चालेल, आणि तुला द्यायचा सल्लाही फिरून फिरून तोच आहे.

आता ऑर्डर टाकायच्या आधीचं. मुलं घाई नेमकी इथेच करतात. माणसाचे प्रोटीन बनवणारे जीन साधारण वीस हजार पण एकेका जीनपासून अनेक आयसोफॉर्म, म्हणजे प्रोटीनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, निघतात, कुठे जीनचा एखादा तुकडा (एक्झॉन) गाळलेला, कुठे सुरुवातच वेगळी, आणि डेटाबेसमध्ये सगळ्यात वर दिसतो तोच तुझ्या पेशीत असेल याची काही गॅरंटी नाही. ज्या टिश्यूमध्ये तुला इंटरेस्ट आहे तिथे कुठला आयसोफॉर्म बनतो ते आधी बघ. मग सिग्नल पेप्टाइड आहे का बघ, कारण पेशीबाहेर जाणाऱ्या प्रोटीनचा तो पुढचा तुकडा वाटेतच कापला जातो आणि तू तो तसाच ठेवून ई. कोलायमध्ये बनवलंस तर निसर्गात कधीच नसलेलं काहीतरी बनवून बसशील. टॅग, म्हणजे प्रोटीन पकडता यावं म्हणून जोडलेला तुकडा, कुठल्या टोकाला लावायचा हे सवयीवर ठरवू नकोस, अ‍ॅक्टिव्ह साइट, म्हणजे प्रोटीनची काम करणारी जागा, ज्या टोकाजवळ आहे तिथे हिस्टिडिनची शेपटी लोंबत ठेवायची नसते. आणि सी टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, टॅग हवा असेल तर इन्सर्टचा (तू बसवलेल्या जीनचा) स्वतःचा स्टॉप कोडॉन, म्हणजे थांबायची खूण, काढलाय ना ते बघ, नाहीतर टॅग बनतच नाही, प्रोटीन कॉलमला चिकटतच नाही आणि आठवडाभर बफरला दोष देणं चालू राहतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, प्रत्येक लॅबमध्ये दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

आणि सिक्वेन्सिंग. पूर्ण इन्सर्ट, दोन्ही बाजूंनी, मधला भाग राहत असेल तर आतला प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) टाकून. "टोकं वाचली, बरोबर आली, मधलं बरोबरच असणार" हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं नाहीये मला. याचं सगळ्यात मोठं उदाहरण पी५३. हे प्रोटीन सापडलं १९७९ मध्ये आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं लोक त्याला कॅन्सर घडवणारा जीन समजत होते, कारण क्लोन केलेला पी५३ दुसऱ्या एका ऑन्कोजीनसोबत पेशीत घातला की पेशी बेबंद वाढायच्या. मग एका लॅबच्या क्लोनने ते होईना. क्लोनचे सिक्वेन्स शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं की ज्यावर एवढा डोलारा उभा होता ते क्लोन म्युटंट होते, उंदराच्या एका गाजलेल्या क्लोनमध्ये १३५ व्या जागी अ‍ॅलॅनिनच्या ऐवजी व्हॅलिन होतं, बस एवढंच. १९८९ मध्ये दाखवलं गेलं की धडधाकट पी५३ उलट कॅन्सरला आवर घालतो. एक अमिनो आम्ल, आणि अर्थ बरोब्बर उलटा. त्यातली माणसं निष्काळजी होती असं अजिबात नाही, तेव्हा तुलना करायला खात्रीचा सिक्वेन्सच कुठे होता. तुझ्याकडे तो आहे, त्यामुळे तुला ती सबब नाही.

एक्स्प्रेशनबद्दल, म्हणजे पेशीकडून प्रोटीन बनवून घेण्याबद्दल, थोडक्यात सांगते कारण प्रत्येक प्रोटीनचे नखरे वेगळे असतात आणि पत्रातून ते शिकवता येत नाही. बहुतेक जण बीएल२१ या ई. कोलायच्या वाणापासून आणि टी७ प्रमोटरपासून (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या भागापासून) सुरू करतात, तूही कर. माणसाचं प्रोटीन ई. कोलायमध्ये बनेनासं झालं की घोडं साधारण तीन-चार जागीच पेंड खातं: आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन बॅक्टेरियाला फारसे सवयीचे नसतात, सिस्टिनचे डायसल्फाइड बंध त्याच्या पेशीच्या आत नीट जुळत नाहीत, साखरेच्या साखळ्या आपल्यासारख्या लागत नाहीत, आणि सगळं इतक्या वेगात बनतं की घडी बसायच्या आत गोळे होतात, इन्क्लुजन बॉडी म्हणतात त्या. तापमान सदतीसवरून अठरावर आण, इंड्यूसर (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) कमी कर, रात्रभर चालव. याने बरंच काही सुटतं. नाही सुटलं तर हट्टाला पेटू नकोस, वेळेत यीस्ट, कीटकांच्या पेशी, एचईके (माणसाच्या) नाहीतर सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींकडे वळ. एरिथ्रोपोएटिनचंच बघ, त्याच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग साखरच आहे. साखर नसलेलं एरिथ्रोपोएटिन प्लेटमधल्या पेशींवर काम करतं आणि शरीरात गेलं की टिकतच नाही, झटक्यात बाहेर फेकलं जातं. म्हणून ते औषध सीएचओ पेशींमध्ये बनवतात. म्हणजे "अ‍ॅक्टिव्ह आहे" हे उत्तरसुद्धा कुठे विचारलंस त्यावर अवलंबून.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, कारण तू मेलमध्ये लिहिलंयस की मला जेल (प्रोटीनं आकारानुसार पट्ट्यांमध्ये वेगळी करणारा थर) वाचता येतं. बघू.

समज तू हिस्टिडिनचा टॅग पकडणाऱ्या निकेल कॉलमवरून प्रोटीन काढलंस, तुझ्या प्रोटीनचं हिशेबाने वजन आहे ७२ किलोडाल्टन, आणि जेलवर बरोब्बर सत्तरच्या थोडं वर एक छान निळा बँड आलाय. तुला वाटणार झालं काम. मला पहिल्यांदा वाटणार अर्नए. हे ई. कोलायचं स्वतःचं प्रोटीन, ७४ किलोडाल्टनच्या आसपास, त्याच्या पृष्ठभागावर हिस्टिडिन असे काही मांडलेले असतात की ते निकेलला मस्त चिकटतं. तुझं प्रोटीन कमी बनलं असेल तर कॉलमवर जागा मोकळी राहते आणि हे महाशय येऊन बसतात. पंचविसाच्या आसपास असाच एक जण भेटेल, स्लायडी, त्याच्यात तर हिस्टिडिनची अख्खी शेपटीच आहे. मी एका मुलीला असल्या बँडवर महिनोन्महिने क्रिस्टल लावताना पाहिलंय, क्रिस्टल आलेसुद्धा, सुंदर आले, फक्त ते बॅक्टेरियाच्या प्रोटीनचे निघाले. त्यामुळे पहिल्या दिवशीच शेजारी एक लेन लाव, रिकामा व्हेक्टर घातलेल्या पेशींची, तोच कॉलम, तेच इमिडाझोल (चिकटलेलं प्रोटीन सोडवणारं रसायन), सगळं तेच. तिथेही बँड दिसला तर तुला कळलं. बँड कापून मास स्पेकला (रेणूंचं नेमकं वजन काढणाऱ्या यंत्राला) पाठवायला फार काही लागत नाही, लाजू नकोस.

उलटंही होतं बरं का. बँड चुकीच्या जागी दिसतो आणि प्रोटीन मात्र बरोबर असतं. पी५३ च्या नावातले ५३ हे जेलवरून आलेले, प्रत्यक्षात त्याची ३९३ अमिनो आम्लं मोजली तर वजन होतं ४३.७ किलोडाल्टन. त्यात प्रोलिन जास्त असलेला एक भाग आहे त्यामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं. म्हणून जेल हे वजनाचं यंत्र नाही. खरं वजन हवं तर अख्ख्या प्रोटीनचं मास काढ, आणि तो आकडा आला की हिशेबातल्या आकड्यातून वजा करून शांतपणे बस. १३१ कमी आले तर पहिलं मेथिओनिन कापलं गेलंय. ४२ जास्त म्हणजे बहुधा अ‍ॅसिटाइल. १७८ जास्त आले आणि तुझा टॅग पुढच्या टोकाला असेल तर तो बीएल२१ चा प्रताप, तिथे हिस टॅगवर ग्लुकोनिक आम्लाचा तुकडा चिकटतो. असे आकडे ओळखू यायला लागले ना की कामात वेगळीच मजा येते, खरंच.

मग घडी. प्रोटीन विरघळलेलं आहे म्हणजे घडी बसलेली आहे असं समजणारे इतके भेटतात की आता मी वाद घालत नाही, सरळ म्हणते जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार प्रोटीनं वेगळी करणारा कॉलम) दाखव. एमबीपी या सहज विरघळणाऱ्या प्रोटीनचा मोठा टॅग लावला की काहीही विरघळल्यासारखं दिसतं, टॅग कापला की गढूळ. आणि कापायच्या आधीच कॉलमवर चालवलंस तर सगळं व्हॉइड व्हॉल्यूममध्ये, म्हणजे सगळ्यात आधी, बाहेर पडताना दिसेल, म्हणजे ते आधीपासूनच गोळे होते, फक्त गोळे तरंगत होते. सर्क्युलर डायक्रोइझम (प्रकाशावरून घडी ओळखायची पद्धत) कर, हेलिक्स (मळसूत्री घडी) असेल तर २०८ आणि २२२ नॅनोमीटरला खड्डे दिसायला हवेत, पण बफरमधलं क्लोराइड आणि इमिडाझोल तिथे आधीच प्रकाश खातात त्यामुळे फॉस्फेटमध्ये नेऊन कर. कॉन्सन्ट्रेशन मोजतानाही हेच इमिडाझोल २८० ला त्रास देतं, ब्लँक त्याच बफरचा घे. आणि २८० चा आकडा येतो मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिनमुळे, इन्सुलिनमध्ये तर ट्रिप्टोफॅन एकही नाही, मग सगळ्यांना एकच फॅक्टर लावून कसं चालेल. कॉन्सन्ट्रेशन चुकलं की केकॅट (एन्झाइमचा वेग) चुकलं, आणि ते चुकलं की तुझी अख्खी कायनेटिक्सची टेबलं चुकली. त्यात ट्यूबमधल्या प्रोटीनपैकी निम्मं मेलेलं असेल तर आणखीच.

अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल एकच नियम मी कडक ठेवते. ज्या अमिनो आम्लावर काम चालतं असं तुझं म्हणणं आहे ते बदलून एक मेलेला म्युटंट बनव आणि तो अगदी त्याच दिवशी त्याच पद्धतीने शुद्ध कर. मेलेल्याची अ‍ॅक्टिव्हिटी जिवंताइतकीच आली तर काम करणारा कोणी तिसराच आहे. हा एक कंट्रोल नसल्यामुळे किती पेपर पुढे निकालात निघाले असतील देव जाणे. आणि ई. कोलायमधून काढलेलं प्रोटीन तू इम्यून पेशींवर टाकणार असशील तर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातलं, एलपीएस नावाचं विष) मोजल्याशिवाय टाकायचं नाही. हीट शॉक प्रोटीनच्या बाबतीत हे जाहीरपणे झालंय. माणसाचं एचएसपी७० हे हीट शॉक प्रोटीन मॅक्रोफेज या इम्यून पेशींना चेतवतं, सायटोकाइन (संदेश देणारी प्रोटीनं) बाहेर काढतं, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं, मग २००३ च्या सुमारास एंडोटॉक्सिन नीट काढून टाकलेलं एचएसपी७० घेऊन पाहिलं तर पेशी ढिम्म. चेतवत होतं ते सोबत आलेलं बॅक्टेरियाचं एलपीएस. उकळून बघणं हा साधा इशारा आहे, प्रोटीन उकळल्यावर मरतं, एलपीएस मरत नाही, पण फक्त त्यावर विसंबू नकोस, प्रत्यक्ष मोज.

आता कुठलं प्रोटीन घ्यावं. तुझ्यापुढे दोन प्रोजेक्ट आहेत, एक प्रसिद्ध कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) ज्यावर जगभर काम चाललंय, आणि एक असं प्रोटीन ज्याचं काम काय हेच माहिती नाही. तुझा ओढा दुसऱ्याकडे आहे हे मेलवरून कळतंय आणि तुझ्या वयात तो असावाच. पण अनोळखी प्रोटीन घेताना एक प्रश्न आधी विचार, याला पकडायला मूठ आहे का? म्हणजे काहीतरी मोजता येईल असं, ते कुठल्या टिश्यूत भरपूर आहे, कुठल्या घराण्यातलं आहे, ते काढून टाकलं तर पेशीत काय बिघडतं. यातलं काहीच नसेल तर पीएचडीसाठी घेऊ नकोस, ताकास तूर लागू न देणारी प्रोटीनं असतात आणि तुझी फेलोशिप त्यांच्यासाठी थांबत नाही.

मूठ असली की काय होतं त्याचं उदाहरण पीटर अ‍ॅग्रे. ते शोधत होते रक्तातल्या आरएच या रक्तगटाच्या प्रोटीनला आणि त्यात २८ किलोडाल्टनची एक भेसळ सारखी येत होती. कूमासीच्या निळ्या रंगात ती नीट दिसायचीही नाही, चांदीच्या स्टेनमध्येच दिसायची, त्यामुळे कोणाच्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्या कोणी ती भेसळ म्हणून धुऊन टाकली असती. यांनी ती शुद्ध केली, पाहिलं तर लाल पेशीत आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये ती खच्चून भरलेली. हीच ती मूठ. एका जुन्या स्नेह्याने, जॉन पार्कर नाव त्यांचं, सुचवलं की या दोन्ही जागी पाणी फार सहज आरपार जातं, हा पाण्याचा मार्ग तर नसेल. १९९१ मध्ये क्लोन झाला, २६९ अमिनो आम्लं. मग १९९२ चा तो प्रयोग, बेडकाच्या अंड्यांमध्ये त्याचा आरएनए टोचला आणि अंडी पातळ द्रावणात सोडली. साधी अंडी तशीच राहिली, टोचलेली फुगून काही मिनिटांत फुटली. पण मला त्या पेपरचं कौतुक फुटण्यासाठी नाही. पारा घातला की पाण्याचा वेग बसतो हे लाल पेशींबद्दल आधीपासून माहिती होतं, तर यांनी इथेही पारा घालून पाहिला, वेग बसला, मग पारा काढून घेणारं रसायन घातलं, वेग परत आला. आणि तरी कोणी म्हणू शकतं की अंड्यात दुसरं काहीतरी सुरू झालं असेल, म्हणून त्यानंतर शुद्ध प्रोटीन एकटंच लिपिडच्या फुग्यांमध्ये बसवून तेच दाखवलं गेलं. आता पळायला जागा उरली नाही. २००३ चं नोबेल. हा क्रम नीट बघ, आधी भेसळ, मग शुद्ध प्रोटीन, मग जागा, मग क्लोन, मग काम, मग एकट्याने काम. क्लोनिंग यात मध्ये कुठेतरी आहे.

कायनेजचा प्रोजेक्ट वाईट नाही. तिथे अ‍ॅसे (मोजायच्या चाचण्या) तयार आहेत, रिएजंट मिळतात, अँटिबॉडी निदान चार जणांनी तपासलेल्या आहेत. फक्त तिथे तू स्कूप होशील (दुसरं कोणी आधी छापेल), कधी ना कधी होशीलच, तेवढं मनाशी धरून जा. माझं मत विचारशील तर अनोळखी प्रोटीनच्या घराण्यात एखादा माहितीतला भाऊबंद असेल तर डोळे झाकून ते घे, नसेल तर कायनेज घे आणि अनोळखीला बाजूला हळूहळू चालू ठेव.

अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे सिक्वेन्सवरून प्रोटीनचा आकार सांगणाऱ्या प्रोग्रामबद्दल. वापर, रोज वापर. २०२१ पासून माणसाच्या जवळजवळ सगळ्या प्रोटीनचे अंदाजी आकार फुकट बघायला मिळतात, त्या कामाला २०२४ चं नोबेलही मिळालं आणि ते योग्यच झालं. कुठून कुठपर्यंतचा तुकडा बनवायचा हे ठरवायला आम्ही पूर्वी दहा-दहा कन्स्ट्रक्ट करायचो, आता कॉन्फिडन्सचे (अंदाज किती खात्रीचा ते दाखवणारे) रंग बघून दोन-तीनवर भागतं, डोमेनच्या (स्वतंत्र घडी बसणाऱ्या भागाच्या) मधोमध कापायचा मूर्खपणा तरी टळतो. पण ते चित्र तुझ्या ट्यूबमधल्या प्रोटीनचं नाही, त्या सिक्वेन्सचं आहे. ते किती वेगाने काम करतं, चार अंशावर किती दिवस टिकतं, कशाला किती घट्ट धरतं, तुझ्या बॅचमधलं किती टक्के जिवंत आहे, हे विचारायला बेंचवरच यावं लागतं. उलट मला वाटतं की अंदाज जितके स्वस्त होतील तितकी ते तपासून देणाऱ्याची किंमत वाढेल. कंपन्यांमध्ये तर आत्ताच वाढलीय. अँटिबॉडीची औषधं, बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखी बनवलेली औषधं), सगळीकडे हाच प्रश्न विचारतात की बॅच मागच्या बॅचसारखी आहे का, गोळे किती, साखरेच्या साखळ्या कशा, पेशीची इतर प्रोटीनं किती उरलीत. पीएचडीत तू हे मनापासून शिकलास तर नोकरीची फार चिंता करू नकोस, आणि इंडस्ट्रीत जाणं म्हणजे विज्ञान सोडणं असं कोणी म्हणालं तर ऐकून घे आणि सोडून दे.

गाइड निवडताना माणूस किती मोठा ते बघू नकोस. लॅबमध्ये जाऊन एवढंच विचार की मागच्या मुलाचा प्रोटीनचा प्रेप (शुद्ध करायची कृती) नव्या मुलाला जमला का. जमला असेल तर प्रोटोकॉल खरे आहेत. चेहरे पडले तर समज. लॅब सोडून गेलेल्यांशी बोल, तेच खरं सांगतात. आणि पेपरवर नाव कोणाचं कुठे येणार हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घे, अवघड वाटतं बोलायला, तरी बोल.

क्रेडिटबद्दल एक गोष्ट तुला कोणीतरी कधीतरी सांगेलच, डग्लस प्रॅशरची, म्हणून मीच सांगते. प्रोटीन माणसाचं नाही, जेलीफिशचं, हिरवं चमकणारं जीएफपी. १९९२ मध्ये प्रॅशरनी त्याचा जीन क्लोन केला, पुढचं फंडिंग मिळालं नाही, क्षेत्र सोडावं लागायच्या वेळेला त्यांनी क्लोन मागणाऱ्यांना देऊन टाकला, त्यात मार्टिन चॅल्फी होते आणि रॉजर त्सियन होते. २००८ चं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सियन यांना. प्रॅशर तेव्हा एका कार डीलरकडे गाडी चालवण्याची नोकरी करत होते. चॅल्फी आणि त्सियन यांनी त्यांना सपत्नीक सोहळ्याला बोलावून नेलं हेही खरं. लोक ही गोष्ट सांगून म्हणतात बघ, क्लोन कोणाला देऊ नये. मला नाही पटत. प्रॅशरनी दिला नसता तर तो जीन कुठल्यातरी फ्रीझरमध्ये पडून राहिला असता. चूक असेल तर फंडिंग देणाऱ्यांची आहे. तू तुझे प्लाझ्मिड (जीन घातलेली डीएनएची वर्तुळं) पेपर आला की अ‍ॅडजीनसारख्या, प्लाझ्मिड साठवून वाटणाऱ्या, ठिकाणी ठेव, लोक वापरतील, नाव लिहितील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझं प्रोटीन दुसऱ्याच्या हातात चाललं तरच ते खरं.

नोटबुक. यावर मी फार बोलत नाही कारण सगळ्यांना माहिती असतं आणि कोणी करत नाही. एवढं तरी कर: प्रत्येक ट्यूबवर कन्स्ट्रक्टचा नंबर, बॅच, तारीख आणि कॉन्सन्ट्रेशन, नुसतं प्रोटीनचं नाव नाही. ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेले बॅक्टेरिया) दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये. प्रोटीन छोट्या छोट्या अलिक्वॉटमध्ये (वाटण्यांमध्ये), एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. आणि म्युटेशन केलंस की नकाशाची फाइल त्याच दिवशी बदल, उद्या नाही. पेशी वापरत असशील तर त्या खरंच त्याच आहेत का याचा एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनए ओळखचाचणी) करून घे, हेला नावाच्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये घुसून बसलेल्या कितीदा सापडल्यात याला गणती नाही.

तू विचारलंयस की हे सगळं करता करता कंटाळा येत नाही का. येतो ना. सलग तिसरा प्रेप गढूळ होतो तेव्हा येतोच. पण एकाच प्रोटीनसोबत बराच काळ राहिलं की त्याचे स्वभाव कळायला लागतात, हे मीठ कमी झालं की रुसतं, हे ग्लिसरॉलशिवाय सकाळपर्यंत टिकत नाही, याला झिंक हवं असतं आणि धातू काढून घेणारं ईडीटीए दाखवलं की संपलं. हे कुठल्याही पेपरात लिहिलेलं नसतं, मेथड्समध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. आणि मग एखाद्या दिवशी त्या झिंकवरूनच कळतं की ते एन्झाइम कुठल्या घराण्यातलं आहे.

तर आता तू असं कर. दोन्ही प्रोजेक्टच्या प्रोटीनचे सिक्वेन्स मला पाठव, कुठला आयसोफॉर्म ते लिहून, टॅग आणि लिंकरसकट, म्हणजे ट्यूबमध्ये जे अख्खं बनणार आहे ते. अनोळखीच्या घराण्यातला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण आणि त्याचं काय मोजता येतं ते एका परिच्छेदात लिही, पानभर नको. आणि तू शेवटी जो जेलचा फोटो जोडलायस, तो परत पाठव, या वेळी लॅडर (माहितीतल्या वजनांची मोजपट्टी) आणि सगळ्या लेन दिसतील असा, कापलेला नको.